पाऊस तिकडे, पूर इकडे

१६२४ साली विजापूरच्या मुलखातून माघारी फिरलेला मलिक अंबर नगरच्या आसपास पोहोचला, तेव्हा त्याच्या पाठीवर दोन फौजा होत्या. एक लष्करखानाची मोगल फौज, दुसरी मुल्ला महंमद लारीची आदिलशाही फौज. उघड्या माळावर दोघींना एकदम तोंड देणे अंबरला परवडणारे नव्हते. नगरच्या पूर्वेला पंधरा-वीस किलोमीटरवर भातोडी आहे. तिथे निजामशाहीतला मोठा तलाव होता. अंबरने तळ टाकला तो या तलावाच्या आधाराने, आणि शत्रू जवळ येताच बांध फोडून पाणी सोडून दिले.

त्या पाण्याने फौज बुडवायची नव्हती, जमीन बिघडवायची होती. काळी जमीन ओली झाली की तिच्यात बैल रुततो, गाडा रुततो, तोफही रुतते. चालणाऱ्याच्या पायाला शेर-शेर चिखल चढतो. वरून पाऊस लागला. रसद तुटली, दाणावैरण संपत आली आणि अंबरच्या घोडेस्वारांचे रात्रीचे छापे सुरू झाले. शेवटच्या झुंजीत लारी मारला गेला, लष्करखान कैद झाला. शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. त्यांची समाधी भातोडीला आहे.

ही लढाई आपण गनिमी काव्याचा नमुना म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. तलावात पाणी किती आहे, बांध फुटल्यावर ते कुठल्या अंगाने जाईल, कुठल्या शेतात थांबेल आणि त्या शेताचे काय करील, हे सगळे अंबरला आधी ठाऊक होते. नगर जिल्ह्यातल्या पुराच्या धोक्याचा एवढा अचूक अंदाज त्यानंतर किती जणांनी बांधला, हा प्रश्न मला या जिल्ह्याचा इतिहास वाचताना सारखा पडतो. कारण हा जिल्हा स्वतःला दुष्काळी म्हणून ओळखतो. पूर इथे पाहुण्यासारखा येतो, आणि गेल्यावर त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

अहिल्यानगर, म्हणजे नगरच, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आहे; सतरा हजार चौरस किलोमीटरहून जास्त. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडी ही सह्याद्रीच्या माथ्यावरची गावे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दक्षिणेला कर्जत, जामखेडकडे निघालो की त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणजे एका जिल्हाधिकाऱ्याच्या कारभारात कोकणाच्या तोडीचा पाऊसही आहे आणि छावण्या-टँकरचा मुलूखही आहे. उत्तरेची शीव गोदावरीची. तिचे पाणी नाशिक जिल्ह्यातून येते. दक्षिणेची शीव भीमेची आणि घोडेची. ते पाणी पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरचे. मधून प्रवरा आणि मुळा वाहतात. एक रतनगडावर उगवते, दुसरी हरिश्चंद्रगडाच्या अंगाला. नेवासे, शेवगाव, श्रीगोंदे इथल्या नदीकाठच्या माणसाने आपल्या अंगणात थेंब पडलेला नसताना दारात पाणी पाहिलेले असते. इथला मोठा पूर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पावसाचा असतो.

याची जाण इथल्या जुन्या माणसांना होती. प्रवराकाठचे दायमाबाद तिथल्या ब्रॉन्झच्या मूर्तींमुळे जगाला माहीत झाले. संगमनेरजवळच्या जोर्व्याने तर महाराष्ट्रातल्या एका आख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव दिले. त्याच संस्कृतीचे इनामगाव घोड नदीवर आहे, श्रीगोंदे तालुक्याच्या समोरच, पुणे जिल्ह्याच्या हद्दीत. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचा पाण्याचा चर आणि वस्तीला पुरापासून राखणारा दगडमातीचा बांध सापडला. पाणी हवे म्हणून चर आणि पाणी नको म्हणून बांध; दोन्ही कामे एकाच गावाने, एकाच काळात केली. पुढच्या काळात या दोन कामांची ताटातूट झाली. पाणी हवे याचेच राजकारण, शास्त्र आणि कागद वाढत गेले.

त्याला सबळ कारण होते. दुर्गादेवीच्या दुष्काळापासून या मुलखाच्या आठवणी उपासमारीच्या आहेत. १८८४ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या नगर गॅझेटियरमध्ये दुष्काळ ओळीने लावलेले आहेत: कुठल्या साली धान्य किती महागले, किती गावे ओस पडली. १८७६-७७चा दुष्काळ तर अगदी ताजा होता. पुढे १८९६ आणि १८९९ या साली सुरू झालेले दुष्काळ आले. सरकारने दुष्काळ संहिता केली, आणेवारीची पद्धत बसवली. पीक रुपयाला किती आणे आले यावरून टंचाई ठरवायची, ही मोजणी गावोगाव रुजली. आज तिला पैसेवारी म्हणतात आणि पन्नास पैशांच्या खालीवर गावाचे भवितव्य ठरते. दुष्काळाला मोजण्याचे माप होते, म्हणून दुष्काळाला इतिहास मिळाला. पुराला असे माप कुणी दिले नाही.

इथली धरणेही दुष्काळाच्या पोटी जन्मली. दुष्काळांनंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने १९०३ साली अहवाल दिला आणि दख्खनमध्ये संरक्षक कालव्यांच्या कामांना वेग आला. प्रवरेवर ओझरचा बंधारा आधीपासून होता. १९१० साली भंडारदऱ्याचे काम सुरू झाले आणि १९२६च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरण खुले झाले. उंची दोनशे सत्तर फूट. त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत त्याची गणना होती. साठा अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट. या पाण्यावर श्रीरामपूर-राहात्याचा ऊस उभा राहिला. १९५०च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिल्ह्याची उत्तर आणि दक्षिण यांच्यातली आजची दरी याच पाण्याने पडली.

या धरणांनी पुराचे काय केले, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे साधा समज असा, की धरण झाले म्हणजे नदी बांधली गेली. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पूर धरण पोटात घेते, हे खरे. पण भंडारदरा काय, बारागाव नांदूरचे मुळा धरण काय, ही पाणी साठवण्यासाठी बांधलेली धरणे आहेत. ती भरावीत हाच सगळ्यांचा ध्यास असतो. स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला भंडारदरा भरले की नगर जिल्ह्यात साल चांगले गेल्याची बातमी होते. त्यानंतर घाटघरला जे कोसळेल ते सांडव्यावरून खाली येणार. खाली निळवंडे आहे, त्याचा साठा आठ टीएमसीपेक्षा थोडा जास्त. तेही भरले की पाणी थेट अकोले आणि संगमनेरकडे. कोतूळजवळ मुळेची आवक किती, निळवंड्याचा विसर्ग किती, हे आकडे पावसाळ्यात वर्तमानपत्रात रोज छापून येतात. लोक ते धरणात पाणी किती आले यासाठी वाचतात. आपल्या काठाला पाणी किती चढेल यासाठी वाचणारे थोडे.

भंडारदऱ्याच्या इतिहासात एक साल जिल्ह्याने विसरू नये असे आहे. १९६९ साली धरणाच्या भिंतीला तडे गेल्याचे आणि गळती वाढल्याचे लक्षात आले. पानशेत फुटून आठ वर्षे झाली होती. १२ जुलै १९६१ला पुण्याचे काय झाले हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले होते. १९६७च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झालेला. अशा वेळी दोनशे सत्तर फुटी दगडी भिंतीला तडा म्हणजे काय, हे संगमनेरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नव्हते. धरण वाचले. भिंतीला खालच्या अंगाने दगडी टेकू बांधून तिला बळ देण्यात आले. सहलीला जाणारे लोक अंबरेला फॉलपाशी थांबतात, फोटो काढतात. त्यांनी मान थोडी वळवून भिंतीचे ते टेकू बघावेत, असे मला मनापासून वाटते. जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या टळलेल्या आपत्तीचे ते स्मारक आहे, आणि तिथे एक पाटीही तसे सांगत नाही.

त्याच १९६९च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला. नाशिकमध्ये तो आजही जुन्या पुरांचा मापदंड आहे. नाशिककरांजवळ पूर मोजायला रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती आहे: पाणी मारुतीच्या पायाला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले. हे माप कुठल्याही सरकारी खांबापेक्षा लोकांच्या तोंडी जास्त बसले आहे, आणि त्याचा उपयोग खाली गंगथडीलाही होतो. गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात, तिच्या काठाला गंगथडी. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे कळले की कोपरगावकर सावध होतात. कोपरगावात गोदावरीवर लहान पूल आणि मोठा पूल असे दोन पूल आहेत. लहान पूल पाण्याखाली गेला, ही कोपरगावची स्वतःची खूण.

२००६, २००८, २०१६, २०१९: या सालांत गोदावरीने हे सगळे पुन्हा दाखवले. त्यातला ४ ऑगस्ट २०१९चा पूर जरा थांबून बघण्यासारखा आहे. नाशिक-त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस कोसळत होता, दारणा आणि गंगापूर धरणांतून विसर्ग वाढत होता, आणि हे सारे पाणी निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याशी एकत्र येऊन खाली सुटत होते. हा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभीचा; गोदावरीचे डावे-उजवे कालवे इथूनच निघतात. त्या दिवशी तिथून सुटणारे पाणी तीन लाख क्युसेकच्या जवळ पोहोचले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. गणित मांडून पाहिले तर या वेगाने साधारण दहा तासांत एक भरलेले भंडारदरा कोपरगावपुढून निघून जाते. काठावरच्या गावांतली माणसे हलवावी लागली. पलीकडच्या वैजापूर तालुक्याची तीच गत.

आणि हे तेच २०१९ साल, ज्याच्या उन्हाळ्यात नगर आणि बीड हे जिल्हे चारा छावण्यांनी भरलेले होते. पाथर्डी, कर्जत, जामखेड, श्रीगोंदे, नगर तालुक्यात दावणीला बांधलेली जनावरे छावणीच्या मांडवात पावसाची वाट पाहत होती. ऑगस्ट उजाडला तरी दक्षिणेतल्या काही भागांत टँकर चालूच होते. एकाच जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात एका फोनवर टँकरच्या खेपा आणि दुसऱ्या फोनवर होड्यांची मागणी, असे ते दिवस. नगर जिल्हा समजून घ्यायचा तर या एका सालावर एक पुस्तक व्हावे.

गोदावरीचा पूर आपत्ती म्हणून नीट नोंदला जात नाही, याचे आणखी एक कारण गंगथडीच्या राजकारणात आहे. खाली पैठणला जायकवाडी आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. नाथसागराचा फुगवटा शेवगाव आणि नेवासे तालुक्यांत शिरला तेव्हा काठची गावे उठली. त्या लोकांच्या वाट्याला आलेला पूर कधी ओसरलाच नाही. पुढे समन्यायी पाणीवाटपाचा कायदा झाला, आणि जायकवाडीत पंधरा ऑक्टोबरला पासष्ट टक्के साठा नसेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचे असे ठरले. त्यामुळे गंगेला पूर आला की कोपरगाव-श्रीरामपूरच्या बागायतदाराच्या मनात पहिला हिशेब येतो तो जायकवाडी किती टक्के झाले याचा. नदीने जायकवाडी भरले तर आपल्या धरणातले पाणी वाचले. एका काठाला संसार भिजतो आहे आणि त्याच वेळी सगळा तालुका सुटकेचा श्वास घेतो आहे. यात कुणाचा दुष्टपणा नाही. पाण्याच्या तुटीने माणसांना असे मोजायला शिकवले आहे. पण ज्या पुराची गावाला मनातून वाट असते, त्याची खबरदारी घेणे अवघड जाते.

भीमेकडची कथा थोडक्यात सांगता येते, कारण ती पुण्याच्या धरणांच्या हातात आहे. खडकवासल्याची साखळी, पवना, मुळशी आणि भीमेच्या वरच्या अंगाची धरणे भरली की दौंडजवळचा विसर्ग वाढतो आणि श्रीगोंदे तालुक्यातल्या पेडगावच्या बहादूरगडापासून कर्जत तालुक्यातल्या सिद्धटेकपर्यंत नदी काठ सोडते. पण मोठ्या नद्यांच्या बाबतीत एक सोय असते. त्यांच्यावर धरण आहे, धरणावर माणूस आहे, त्या माणसाजवळ आकडा आहे, आणि आकडा खाली कळवता येतो. माणसे रात्रीच्या रात्री हलवता येतात. गेल्या काही वर्षांत गोदाकाठी मोठी मनुष्यहानी टळली ती यामुळेच.

आता खरी भीती आहे ती ज्या नद्यांना मोठे धरण नाही आणि बाहेरचे लोक ज्यांना नदी म्हणायलाही तयार होत नाहीत, त्यांची.

३० ऑगस्ट २०२१च्या रात्री शेवगाव आणि पाथर्डी तालुक्यांवर ढगफुटीसारखा पाऊस झाला. त्याच रात्री तिकडे चाळीसगावात पूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. वर्तमानपत्रांचे पहिले पान त्या घाटाने घेतले. इकडे गर्भगिरीच्या उघड्याबोडक्या डोंगरावरून निघालेले पाणी नंदिनी नदीत उतरले. नंदिनी ही वर्षातले बरेच महिने पायी ओलांडता येणारी नदी. आखेगाव, खरडगाव, वरूर, भगूर, वडुले, ठाकूर पिंपळगाव या गावांना पहाटे जाग आली ती पाण्यातच. माणसे घरांच्या छतांवर, झाडांवर चढली. गोठ्यात दावणीला बांधलेल्या गाई-म्हशींना चढायला छत नव्हते. दावे कापायला वेळ मिळाला त्यांची जनावरे वाचली, बाकीची गेली. शेळ्या, कोंबड्या, कणगीतले धान्य, कडब्याच्या गंजी, मोटारसायकली, कपाशी आणि तुरीची उभी पिके वाहून गेली. सगळ्यात वाईट म्हणजे काही शिवारांतून वरची मातीच गेली. घर पुन्हा बांधता येते. हातभर काळी माती पुन्हा आणता येत नाही.

पाथर्डी हा ऊसतोड कामगारांचा तालुका आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथली निम्मी माणसे कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. ऑगस्ट-सप्टेंबर हे त्यांचे शेतातले शेवटचे महिने: बाजरी काढायची, तूर-कपाशीची मशागत करायची, आणि गाडीला जुंपायची जनावरे सांभाळायची. नेमक्या याच महिन्यांत हा पाऊस येतो. गोठ्यातली बैलजोडी वाहून गेली की त्या घराचा पुढचा हंगामही गेला. मुकादमाकडून उचललेली रक्कम फिटायची कशी हा प्रश्न नुकसानीच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही.

अशा पुराचे गणित घातले तर अंगावर काटा येतो. शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोटात एका रात्रीत शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर एक कोटी घनमीटर पाणी पडते. त्यातले निम्मे जरी सहा तासांत वाहिले तरी नदीला सरासरी आठ हजार क्युसेक पाणी येते, आणि ऐन भराला त्याहून खूप जास्त. धरणातून आठ हजार क्युसेक सोडायचे तर आधी भोंगे वाजतात, दवंडी दिली जाते, मोबाईलवर संदेश येतो. नंदिनीला भोंगा नाही. तिच्या पाण्याचा आकडा पाणी येऊन गेल्यावरच कळतो, आणि तोही अंदाजाने.

आपल्या महसुली व्यवस्थेत अतिवृष्टीची व्याख्या आहे: महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. मंडळ म्हणजे दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त गावे, आणि पर्जन्यमापक बहुधा एक. ढगफुटीचा पाऊस तर बांधाबांधाला बदलतो. यंत्राच्या डोक्यावर चाळीस मिलिमीटर पडतात आणि तीन कोसांवरच्या डोंगरात दीडशे. पूर येतो त्या डोंगरावरून. कागदावर चाळीस राहतात. मग गावकऱ्यांनी चिखलाने भरलेली घरे दाखवून पाऊस झाल्याचे सिद्ध करत बसायचे. शेजारच्या मंडळाला मदत, आपल्याला नाही, यावरून झालेली भांडणे या जिल्ह्यातल्या कुठल्याही तहसीलच्या आवारात ऐकायला मिळतील.

या लहान ओढ्यानाल्यांवर आणखी एक जोखीम आपणच बांधून ठेवली आहे, आणि तीही पुन्हा दुष्काळाच्या पोटातून आलेली. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर हजारो हातांनी पाझर तलाव, नालाबांध, रस्ते केले. त्या कामांनी माणसे जगवली, विहिरींना पाणी आणले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण मातीचा बांध पन्नास वर्षांचा झाला, त्याच्यावर बाभळी आणि वेड्या बाभळी माजल्या, मुळांनी भराव पोखरला, सांडव्यात कुणी शेत केले, कुणी घर बांधले, तर तो बांध एका रात्रीच्या पावसात फुटू शकतो. एक फुटला की खालच्यावर दुप्पट भार पडतो. भातोडीला अंबरने जे मुद्दाम केले, ते इथे दुर्लक्षाने होते. गावच्या पाझर तलावाचा सांडवा मोकळा आहे का, हे पावसाळ्याआधी पाहण्याला फार तर एक दिवस आणि एक जेसीबी लागतो.

सीना ही या सगळ्या नद्यांत फसवी. तिचा एक झरा पारनेर तालुक्यात जामगावच्या बाजूला, दुसरा जेऊरकडे. १४९०मध्ये निजामशाही स्थापन करणाऱ्या मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच जागी, सीनेच्या डाव्या काठाला, शहर वसवले. त्या काळात शहराला पिण्याचे पाणी दुरून खापरी नळांनी आणले. सीनेच्या भरवशावर शहर कधीच राहिले नाही. त्यामुळे नगरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर सीना म्हणजे सांडपाण्याचा नाला. पावसाळ्यात नेप्ती नाक्याच्या बाजूला कल्याण रस्त्यावरच्या पुलावरून पाणी गेले की वाहतूक थांबते, लोक मोबाईलवर चित्रे काढतात आणि दोन दिवसांत सगळे विसरतात. काठावर प्लॉट पडत राहतात. पूररेषा आखल्या की आरडाओरड होते, कारण रेषेच्या आत गेलेल्या प्लॉटची किंमत उतरते.

या रेषांबद्दल एक गैरसमज फार घट्ट आहे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे ऐकले की माणूस म्हणतो, शंभर वर्षांनी येणार ना, मग आमच्या पिढीला काय त्याचे? पण शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. तो यंदाही येऊ शकतो आणि पुढच्या वर्षीही. गृहकर्ज फेडायला तीस वर्षे लागतात असे धरले, तर तेवढ्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता चारात एकीहून थोडी जास्त भरते. निळ्या रेषेच्या बाबतीत ती सत्तर टक्के आहे. प्लॉट घेताना हा हिशेब खरेदीखतासोबत हातात मिळाला पाहिजे.

सीनेने २०२५च्या सप्टेंबरात आपले खरे रूप दाखवले. जामखेड, कर्जत, पाथर्डी, शेवगाव या अवर्षणप्रवण तालुक्यांवर पाऊस कोसळला. पलीकडे बीड, धाराशिवलाही तेच. ज्या नदीला नगरमध्ये नाला म्हणतात तिने खाली सोलापूर जिल्ह्यात करमाळा, माढा, मोहोळचा काठ बुडवला. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. ज्यांच्या नावाने आज हा जिल्हा ओळखला जातो त्या अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी याच सीनेच्या काठी आहे. हा पूर नाशिकचा नव्हता, पुण्याचा नव्हता, सह्याद्रीचा नव्हता. तो आपल्याच माळरानावरच्या पावसाचा होता. २०२१ आणि २०२५ या दोन सालांनी जिल्ह्याचा जुना अनुभव मोडीत काढला: पूर वरून येतो, लांबून येतो, कळून येतो, हा तो अनुभव. आता पूर दारातून उठतो आणि कळायला वेळ देत नाही.

म्हणून पूरधोक्याचा जिल्हा आराखडा गोदाकाठ, प्रवराकाठ, भीमाकाठ अशा गावांच्या याद्यांनी भागणार नाही. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्रात जिल्ह्यांचे आपत्ती आराखडे तयार होऊ लागले, २००५ साली कायदा आला, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण झाले, चौकट आहे. तिच्यात नंदिनी, सीना, मेहेकरी, विंचरणा यांच्या पाणलोटात डोंगरमाथ्याला पर्जन्यमापक हवेत, पुलाला पातळीच्या खुणा हव्यात, आणि वरच्या गावातून खालच्या गावाला फोन कुणी करायचा हे नावानिशी ठरलेले हवे. आज तो फोन पाहुणा पाहुण्याला करतो, आणि तेवढ्यावर माणसे वाचतात.

आणखी एक काम त्याहून स्वस्त आहे. आपल्याकडे पंचनामा नुकसानीचा होतो, पाण्याचा होत नाही. किती जनावरे गेली, किती गुंठे खरडले, हे तलाठी लिहून नेतो. पाणी किती वाजता आले, मारुतीच्या देवळाच्या कितव्या पायरीला लागले, शाळेच्या भिंतीवर कुठवर चढले, किती तासांनी उतरले, कुठल्या ओढ्याने आधी काठ सोडला, हे कुणी विचारत नाही. आखेगाव-खरडगावात ही सगळी माहिती आज लोकांच्या तोंडी जशीच्या तशी आहे. छतावर रात्र काढलेला माणूस ती बोट ठेवून दाखवतो. शाळेच्या भिंतीवर रंगाची एक रेघ मारून तारीख लिहायला एवढी माहिती पुरे. कोपरगावला १९६९ची रेघ आता मारायची म्हटली तर त्या वेळी पंधरा वर्षांचा असलेला माणूस शोधावा लागेल, आणि तो आज सत्तरीच्या पुढे आहे.